लॉइडची दोन बोटं

मालतीमावशी, माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं की मी आईवडिलांना वेगळं ठेवतो आणि तुमचं नाव सांगतो. विचारणारा इथला असेल तर त्याला वाटतं, तुम्ही माझ्या प्राध्यापक असणार. गावाकडचा असेल तर वाटतं, नात्यातल्या. मग मला सांगावं लागतं की आमची ओळख चिखलात झाली, आणि त्यानंतर चार वर्षं आम्ही एकाच गोष्टीवरून भांडत होतो.

ते भांडण मिटायच्या आधीच तुम्ही गुरुवारी गेलात. आणि रविवारी, अवघ्या तीन दिवसांनी, आपल्या बगळ्यांनी चार चेंडू हिसकावले! मावशी, चार! एका सामन्यात! मी स्लाऊहून सकाळची पहिली गाडी पकडून आलो होतो, काळा शर्ट घालून, चेहरा गंभीर ठेवून. पहिला चेंडू सुटला तेव्हा इतक्या जोरात ओरडलो की शेजारच्या बाईंचा कुत्रा माझ्यावर भुंकायला लागला. मी लगेच डावीकडे वळलो, तुम्हाला विचारायला, "हे नशीब की हात?" तिथं गवतावर फक्त तुमची टेपची निळी पेटी होती.

म्हणजे आता मलाच बोलावं लागणार. सगळं सांगतो. सावकाश सांगायचा प्रयत्न करतो, जमेल असं वाटत नाही.

मी किनवटहून नॉटिंगहॅमला स्टॅटिस्टिक्सची मास्टर्स करायला आलो, तो पहिला हिवाळा. मंडळाच्या संक्रांतीला गेलो. कम्युनिटी हॉल, तिळगूळ, खूप साड्या, खूप जॅकेट्स, आणि ओळखीचं एकही माणूस नाही. कार्यक्रम संपला, लोक जेवायला वळले आणि अचानक तुम्ही शेजारी येऊन उभ्या राहिलात.

"काय शिकतोस?"

"स्टॅटिस्टिक्स, मॅडम."

"मॅडम हॉस्पिटलात. इथं मावशी. मोजता येतं ना नीट? मग रविवारी दहाला ये. मला मोजणारा माणूस पाहिजे."

तुम्ही डॉक्टर आहात एवढं मला कुणीतरी नंतर सांगितलं. त्यावरून मी ठरवलं की आरोग्य शिबिर असणार. वजन, रक्तदाब, नोंदवही. आमच्या शाळेत अशी शिबिरं व्हायची. म्हणून इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि पॉलिश केलेले बूट घालून, दोन पेनं खिशाला लावून मी रविवारी पत्त्यावर पोचलो. बघतो तर रग्बीचं मैदान, घोटाभर चिखल, आणि हेल्मेट घातलेली दांडगी माणसं एकमेकांवर आदळतायत. तुम्ही निळ्या पेटीवर बसून थर्मासातला आल्याचा चहा पीत होता. तुम्ही माझ्या बुटांकडे बघितलंत.

"लग्नाला आलायस का?"

अमेरिकन फुटबॉल. मी तो तोवर टीव्हीवरही पाहिला नव्हता. आणि खेळणारे कुणी अमेरिकन नव्हते, सगळे आजूबाजूचेच: पोस्टमन, प्लंबर, दोन शिक्षक, एक दंतवैद्य. तुम्ही कॅज्युअल्टीतून निवृत्त झाल्यावर क्लबला सामन्यासाठी डॉक्टर हवा होता. एकदा म्हणून आलात आणि राहिलातच. त्यांच्या जर्सीवर एक लांब पायांचा पक्षी होता, म्हणून तुम्ही त्यांना बगळे म्हणायचात. खेळ तुम्हीच मला शिकवलात, आणि तोही कबड्डी धरून, कारण मी शाळेत कबड्डी खेळलोय हे तुम्ही पाच मिनिटांत काढून घेतलं होतं.

"हे बघ, चेंडू एका बाजूकडे. तो घेऊन त्यांनी पुढं सरकायचं. दुसऱ्या बाजूनं पकड करायची. पण नुसती पकड केली तर उठून पुन्हा येतात लेकाचे. खरी गंमत चेंडूच काढून घेण्यात. हातातून पाडायचा, नाहीतर हवेतून पळवायचा. त्याला म्हणायचं टर्नओव्हर. एका टर्नओव्हरनं सामना इकडचा तिकडं होतो. तू तेवढे मोज."

मी मोजायला लागलो. आणि मावशी, मला त्या खेळाचं वेडच लागलं! पहिल्याच उन्हाळ्यात बगळ्यांनी इतके चेंडू काढून घेतले की मी रात्री झोपेत बोटांवर मोजत असेन. पण मोजता मोजता माझं एक मत झालं, आणि ते मी तुम्हाला मोठ्या ऐटीत सांगितलं. तो चेंडू गोल नाही. सोललेल्या नारळासारखा आहे, दोन्हीकडं टोकदार. जमिनीवर पडला की कुठं उडेल, त्याला स्वतःलाही माहीत नसतं. ज्याच्या अंगावर आला त्याचा झाला. यात कसलं कौशल्य? सगळं नशीब.

"नशीब काय, नशीब काय," तुम्ही म्हणालात. "पाडला कुणी तो?"

"कुणीतरी पाडला. पण मिळाला नशिबानं."

"पाडला कुणी, ते आधी लिही."

हे झालं आपलं पहिलं भांडण. पुढची सगळी भांडणं त्याच्यावरच रचली गेली. दुसऱ्या उन्हाळ्यात चेंडू कमी मिळाले तेव्हा मी म्हणालो, "बघा, नशीब फिरलं." तिसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा वाढले तेव्हाही मी तेच म्हणालो. तुम्ही म्हणालात, "तुझं हे नशीब बरं आहे रे, आलं तरी तुझंच खरं, गेलं तरी तुझंच खरं." मला तेव्हा हसू आलं होतं. आता ते वाक्य मी ऑफिसात टेबलासमोर चिकटवलंय, कारण आकडे बघणाऱ्या माणसाला इतकी सरळ चपराक दुसरी कुणी मारलेली नाही.

मग मी ती चूक केली.

गेल्या शरद ऋतूत, हंगाम संपल्यावर, बॅरीनं माझ्याकडून एक कागद मागितला. बॅरी म्हणजे बगळ्यांचा कोच, एरवी शाळेचा केअरटेकर. त्याला माझ्या डिग्रीचं भारी कौतुक. मीही मन लावून लिहिलं. वरच्या भागात लिहिलं की सुटलेला चेंडू मिळणं हे नशीब आहे, त्यावर विसंबू नका, चेंडूच्या मागे लागण्यापेक्षा पकड घट्ट करायला शिकवा. खाली एक यादी दिली: वर्षभरात कुणी किती चेंडू पाडले. लॉइडचं नाव तळाशी होतं. त्याच्या नावावर एकच होता.

लॉइड पोस्टमन. छत्तीस वर्षांचा, बगळ्यांमध्ये सगळ्यांत जुना. हा हंगाम शेवटचा, असं त्यानं बायकोला कबूल केलेलं. तो मूठ वळून चेंडूवर मारायला जायचा, आणि कधीकधी त्या नादात समोरचा माणूस हातून सुटायचा. बॅरीनं माझा कागद वाचला आणि एप्रिलच्या पहिल्या सामन्याला लॉइडला बाहेर बसवलं. दुसऱ्या सामन्यालाही. पाण्याच्या बाटल्या भरता भरता लॉइड मला एवढंच म्हणाला, "नो हार्ड फीलिंग्ज, प्रोफेसर." मला प्रोफेसर म्हणणारा या पृथ्वीवर तो एकटा माणूस.

त्या शनिवारी तुम्ही मला जेवायला बोलावलंत. तुम्ही साबुदाण्याची खिचडी परतत होतात. माझ्याकडं पाठ करूनच सुरू झालात.

"लॉइडचा हात कुठाय तुझ्या कागदात?"

"म्हणजे?"

"म्हणजे हात. सात वर्षं झाली, प्रत्येक हाफटाइमला मी त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांना टेप लावते. कशानं सुजतात ती? दारात पत्रं टाकून?"

"मावशी, वर्षभरात त्यानं एक चेंडू पाडलाय. एक."

"पडलेले मोजलेस. मारलेले मोजलेस का?"

"जो पडलाच नाही तो कसा मोजणार? तिथं काही झालंच नाही ना."

तुम्ही गॅस बारीक केलात आणि वळलात. हातात कालथा तसाच. "काही झालंच नाही? अरे गाढवा, कॅज्युअल्टीत आम्ही फक्त मेलेले मोजले असते तर काय शिकलो असतो? जो मरता मरता वाचला त्याचाही कागद व्हायचा. कशानं वाचला, कुणाचा हात कुठं पोचला, सगळं लिहायचं. लॉइड गुरुवारी सराव संपल्यावर काय करतो माहितेय? सगळे कपडे बदलायला जातात, आणि हा कुणालातरी चेंडू धरून उभं करतो आणि खालून ठोसे मारत बसतो. वीस मिनिटं. पावसात सुद्धा. ते तुझ्या कागदात नशीब झालं."

वाद तिथंच थांबला असता. पण तुम्ही पुढं बोललात.

"तुला सगळं नशीबच का वाटतं, सांगू? तुला वाटतं तू इथं चुकून आलायस."

स्कॉलरशिपचं मीच तुम्हाला सांगितलं होतं. माझी निवड झाली नव्हती, मी वेटिंग लिस्टवर पहिला होतो. वरच्या मुलानं ऐनवेळी नाही म्हटलं आणि मला फोन आला. हे मी सगळ्यांनाच सांगतो. सांगताना हसतो.

"त्या यादीत तुझ्या मागे होते की नाही कुणी?" तुम्ही म्हणालात. "चेंडू सुटला, हे खरं. पण तिथं धावत कोण होतं?"

तेव्हा मी ते बोललो. आज लिहितानाही कान गरम होतात. मी म्हणालो, "तुम्हाला नाही कळायचं, मावशी. तुमचे आजोबा डॉक्टर, वडील डॉक्टर. माझे वडील बाजार समितीत पोती उचलतात. आमच्यात अर्ज स्वतःच्या हातानं भरणारा मी पहिला. नशीब कशाला म्हणतात, हे तुम्हाला कसं कळणार?"

तुम्ही गॅस बंद केलात. दोन ताटल्या घेतल्यात. दह्याचं भांडं माझ्याकडं सरकवलंत.

"खिचडी गार होतेय. खा."

वाद अर्धा सोडून मागं सरताना मी तुम्हाला तेवढं एकदाच पाहिलं.

पुढच्याच महिन्यात मला स्लाऊला नोकरी लागली. गोदामांच्या कंपनीत, कुठला माल किती लागेल याचे अंदाज बांधायचे. निरोप घ्यायला आलो तेव्हा तुम्ही डब्यात चिवडा भरून दिलात, आणि आपण दोघंही अगदी नीट बोललो. फार नीट. नंतर दोन फोन झाले, दोन्ही हवामानावर. मग जूनमध्ये तुमच्या लेकीचा, नेहाताईंचा फोन आला. तुम्ही आजारी होता, आणि फारसे दिवस नव्हते. मी येतो म्हणालो, तर तुमचा निरोप तयारच होता: मला अशी बघायला कुणी यायचं नाही, ज्याला काही सांगायचंय त्यानं कागदावर लिहावं, व्हॉट्सअ‍ॅपवर नको, तिथं सुविचार येतात.

सांगायचं तर होतं. पण नुसती माफी मागितली असती तर तुम्ही ती वाचून बाजूला ठेवली असती. तुम्हाला पुरावा लागायचा.

म्हणून मी फिल्म बघायला बसलो. क्लबचा प्रत्येक सामना शिडीवर चढून कुणीतरी चित्रित केलेला असतो. मागच्या दोन हंगामांचे सगळे मागवले. ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवणाच्या सुट्टीत आणि शनिवारी सकाळी लायब्ररीत, एकेक पकड थांबवून, मागं नेऊन, पुन्हा बघायची: कुणाचा हात चेंडूपर्यंत पोचला? पडला की नाही हे बघायचंच नाही. फक्त हात. शेजारी बसणारा सहकारी एकदा म्हणाला, "त्या बिचाऱ्याला किती वेळा पाडशील?" सहा आठवडे लागले. मी इतका आनंदात दुसरं कुठलंही काम केलेलं नाही. काय सापडलं ते मी तुम्हाला पाठवलेल्या पत्रात आहे, ते शेवटी देतो.

आता रविवारचं!

बॅरीनं लॉइडला पहिल्यापासून उतरवलं, मावशी. पहिल्यापासून! आणि सगळे बगळे उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांना पांढरी टेप लावून मैदानात आले. टेप बॅरीनं लावली होती. वाकडीतिकडी, कुठं सैल, कुठं रक्त थांबेल इतकी घट्ट. तुम्ही बघितली असती तर सगळ्यांना परत रांगेत उभं केलं असतंत.

पहिला चेंडू. समोरच्यांचा एक बैलासारखा गडी धावत आला. आपल्या प्लंबरनं त्याच्या कमरेला मिठी मारली. मागून लॉइड आला आणि खालून मूठ घातली, अशी, बाटलीचं बूच उडावं तसा चेंडू वर! पडला, दोनदा त्यांच्याकडं उडाला, तिसऱ्यांदा वळून थेट प्लंबरच्या छातीवर. पाडला हातानं, मिळाला नशिबानं. तुमचं अर्धं, माझं अर्धं.

दुसरा: त्यांनी लांब फेकलेला चेंडू त्यांच्याच माणसाच्या हेल्मेटवर आपटला आणि आपल्या दंतवैद्याच्या हातात येऊन पडला. दंतवैद्य भलतीकडंच बघत होता. हे तर शुद्ध नशीब, तुम्ही सुद्धा मान्य केलं असतंत. नाही, नसतंच केलं. म्हणाला असतात, "पण तो तिथं उभा कशाला होता?"

तिसरा पुन्हा लॉइडचा. त्याआधी चार वेळा त्याची मूठ नुसतीच लागली होती, पाचव्यांदा चेंडू निघाला, पंचाच्या बुटाला लागून आपल्याकडं आला. पंच इतका ओशाळला!

आणि चौथा. मावशी, चौथ्याचं काय करायचं ते तुम्हीच सांगा. लॉइडनं त्याला हातसुद्धा लावला नाही. चेंडू त्यांच्या एका चपळ खेळाडूकडं होता, त्याच्या दहा पावलं आसपास कुणी नव्हतं. पण दोनदा ठोसा पाहिल्यामुळं तो पळताना मान वळवून लॉइड कुठाय ते बघत राहिला, आणि चेंडू आपोआप त्याच्या बगलेतून निसटला. हे कुणाच्या नावावर लिहायचं? लॉइडच्या? भीतीच्या? माझ्या तक्त्यात याला रकानाच नाही! मी तिथं उभा राहून हसत होतो आणि डोळे पुसत होतो. चार वर्षांचं भांडण, आणि तुम्ही गेल्यावर त्याला नवीन फांदी फुटली.

सामना आपण दोन गुणांनी हरलो. किक मारणाऱ्याबद्दल मी आज काही बोलत नाही.

संपल्यावर लॉइड माझ्याकडं आला. हेल्मेट काखेत, टेप काढलेली, दोन्ही बोटं वांग्यासारखी.

"किती, प्रोफेसर?"

"अकरा वेळा हात पोचला. दोनदा सुटला."

"अकरा," तो म्हणाला. दोन्ही बोटं हलवून बघितली, कळवळला आणि हसला. "डॉकला सांग."

सांगितलं, मावशी.

पेटी न्यायला नेहाताई आल्या होत्या. कारमध्ये ठेवायला मी मदत करत होतो, तेव्हा त्यांनी सांगितलं. तुम्हाला ठाऊकच आहे त्यांचं इथं वाढलेलं मराठी.

"अंकुश, तुझी पत्र मंगळवारी आली. आईचे ग्लासेस मिळत नव्हते, मग मी शोधली. तिने दोनदा वाचली. खूप हसली ती, नर्स बघायला आली काय झाला. मग मला म्हणाली, त्याला सांग, लास्ट लाइन राँग आहे."

"राँग? काय चुकलंय?"

"मी पण विचारला तिला. ती म्हणाली, त्या संक्रांतीच्या दिवशी सगळे लोक फूडच्या क्यूमध्ये गेले आणि एक मुलगा एकटा खुर्च्या स्टॅक करत होता. कोणी सांगितला नव्हता त्याला. आईने तीन लोकांना विचारली, हा कोण आहे. मग ती हॉलच्या त्या एंडला गेली, तुझ्याकडे."

मला त्या खुर्च्या आठवतसुद्धा नाहीत, मावशी. शाळेत परिपाठानंतर सतरंज्या गोळा करायचं काम पाचवीपासून माझ्याकडं होतं. हात आपोआप जातात.

सोमवारी स्लाऊहून टाकलेलं पत्र मंगळवारी पोचलं, हे नशीबच म्हणायचं, असं मी लॉइडला म्हणालो. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी शब्द मागं घेतला. पोस्टमनसमोर हे बोलू नये.

तर तुमचं म्हणणं पोचलं. तरीही मी त्या पत्रात काही बदलत नाही. दुरुस्त केलं तर भांडण संपेल, आणि ते मला संपवायचं नाही. पाठवलं तसंच खाली देतो.

स्लाऊ, सोमवार

आदरणीय मालतीमावशी,

साष्टांग नमस्कार.

तुम्ही लिहायला सांगितलंत म्हणून लिहितोय. आधी निकाल सांगतो, कारण तुम्ही पान उलटून तोच शोधणार.

मी दोन हंगामांच्या फिल्म पाहिल्या आणि फक्त हात मोजले. सामने दोन गठ्ठ्यांत वाटले, एक सोडून एक. विचार असा की हे नशीब असेल तर एका गठ्ठ्यात वर असलेला माणूस दुसऱ्यात कुठंही जाईल. मावशी, तो कुठंही गेला नाही! दोन्ही गठ्ठ्यांत तीच माणसं वर, आणि दोन्हीकडं सगळ्यांत वर लॉइड. दुसऱ्या नंबरचा त्याच्या जवळपाससुद्धा नाही. मी लायब्ररीत उठून उभा राहिलो, मग लोक बघायला लागले म्हणून खाली बसलो. त्याच्या नावावर एकच चेंडू का होता? कारण त्याचा हात इतक्या वेळा पोचूनही त्या वर्षी चेंडू बहुतेकदा चिकटून राहिला. तेवढं नशीब. हात मात्र त्याचाच.

सुटलेला चेंडू शेवटी कुणाला मिळाला, तेही पाहिलं. त्यात मला कसलाच नियम सापडला नाही. म्हणजे तिथं माझं बरोबर होतं. एवढं मला ठेवू द्या.

पण माझी यादी चुकीची होती. मी पडलेले मोजले आणि मारलेले सोडले. नवीन कागद बॅरीला आज पाठवलाय, वर स्वच्छ लिहिलंय की मागचा माझा चुकला. तो ऐकेल की नाही, ठाऊक नाही. ऐकलं तर येत्या रविवारी लॉइड पहिल्यापासून मैदानात असेल. त्याची माफी मी फोनवर मागितली. तो म्हणाला, कागद मलाही पाठव, बायकोला दाखवायचाय.

आता दुसरं. हे मोजताना मला माझीच एक यादी आठवली. त्या स्कॉलरशिपच्या आधी मी सहा ठिकाणी अर्ज केले होते. सहाही ठिकाणी नकार आला. ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, कुणालाच सांगत नाही, कारण तिथं काही झालंच नाही असं मी धरलं होतं. सातव्या वेळी वेटिंग लिस्टवरून फोन आला, तेव्हा सगळ्या कागदांच्या प्रती पिशवीत तयार होत्या, म्हणून मी त्याच दुपारी पाठवू शकलो. ती पिशवी आधीच्या सहा अर्जांनी भरलेली होती. तुमच्या हिशेबानं ते सहा ठोसे. मी ते आज पहिल्यांदा मोजले.

तुमच्या वडिलांबद्दल जे बोललो ते बोलायला नको होतं. तुम्ही माझे हात बघत होता, आणि मी तुमचं घर काढलं. तुम्ही रागावला असता तर बरं झालं असतं. तुम्ही दही दिलंत. त्या दह्याची चव अजून जात नाही. मला माफ करा.

हात आणि नशीब यांच्या भांडणात तुम्ही जिंकलात, असं मी लिहून देतो, सही करून. पण एक गोष्ट मी अजूनही नशिबातच धरतो आणि ती तुम्ही माझ्याकडून काढून घेऊ शकणार नाही: त्या संक्रांतीला एवढ्या मोठ्या हॉलमध्ये, एवढ्या माणसांत, तुम्ही योगायोगानं नेमक्या माझ्याच शेजारी येऊन उभ्या राहिलात.

तुमचा,
अंकुश